रविवारची रेघ

१

रविवारची चाचणी संपली की किशनराव सरांच्या क्लासची इमारत एकदम ओस पडायची. सकाळभर शेकडो मुलं मान खाली घालून उत्तरपत्रिकेवरचे गोळे काळे करत बसलेली असायची. दुपारी जिन्यात एक चप्पल दिसायची नाही. कुणी मेसला पळायचं, कुणी गावाकडून भेटायला आलेल्या आईबापाबरोबर गंजगोलाईच्या बाजारात हिंडायचं, बाकीचे खोलीवर जाऊन झोपायचे. डॉक्टर व्हायला लातुरात आलेल्या पोरांना आठवड्यात तेवढीच दुपार मिळायची.

हुस्नालाही ती दुपार आवडायची. दुसऱ्या मजल्यावरच्या तिच्या खोलीत कूलर घरघरत असायचा, आणि समोरच्या भिंतीवरच्या पडद्यावर क्लासची सगळी यंत्रं रेघा होऊन हळूहळू सरकत असायची. डबा उघडून ती त्या रेघांकडे बघत जेवायची.

ती मूळची औशाची. पुण्यात कंपन्यांचे सर्व्हर सांभाळण्यात तिची बरीच वर्षं गेली. अब्बा गेले, अम्मी घरात एकटी पडली, म्हणून ती परत आली आणि रोज बसने लातूरला येऊन किशनराव सरांच्या क्लासचं काम बघू लागली. ती आली तेव्हा क्लासच्या यंत्रांवर लक्ष ठेवायचं काम परदेशातल्या एका कंपनीकडे होतं. एका मोठ्या परीक्षेच्या दिवशी सगळं ठप्प झालं, मुलं बंद पडद्यांसमोर रडकुंडीला आली, आणि त्या कंपनीकडून उत्तर आलं की तक्रार नोंदवली आहे. सर खवळले होते.

"माझ्या घरात काय जळायलंय ते मला परदेशातला माणूस सांगणार का? हुस्ना, आपलं आपण न्हाई बघू शकत?"

"बघू शकतो, सर. मशीन आपल्याच इमारतीत ठेवू. मेहनत आहे, पण होतं."

तिने ते केलं. तिच्या खोलीतल्या लोखंडी मांडणीत तीन मशीन बसली. प्रत्येक सर्व्हर, प्रत्येक दाराचं कुलूप, प्रत्येक हॉलमधलं मीटर आपापली खबर तिथे पाठवायला लागलं. कोणतं यंत्र दमलं, कोणतं गप्प झालं, कोणतं दार उघडं राहिलं, सगळं भिंतीवर दिसायचं आणि इमारतीच्या बाहेर त्यातलं काही जात नव्हतं. सर रोज चहाचा कप घेऊन यायचे आणि नातवाकडे बघावं तसे त्या रेघांकडे बघत उभे राहायचे.

हॉलमधल्या हवेची मीटरं हा त्यांचाच हट्ट होता. त्यांची मुलगी शिवांगी क्लासचं ऑफिस बघायची. पालक एसी विचारतात म्हणून तिने तळमजल्यावर नवा वाचनहॉल बांधून घेतला होता. पक्क्या काचा, उघडणारी खिडकी एकही नाही. सरांना तो कधी आवडला नाही. स्वतःच्या केबिनचंही दार ते लावून घेत नसत.

"माणूस श्वास घेतो, कार्बन डायऑक्साइड सोडतो," ते हुस्नाला म्हणाले होते, जणू ती बारावीला होती. "बंद जागेत तो साचत जातो. मला प्रत्येक हॉलची हवा भिंतीवर दिसली पाहिजे. आणि हॉलला कुलूप असताना हवा बिघडायला लागली तर घंटा वाजली पाहिजे. एखादं लेकरू आत झोपून राहिलं, वरून कुलूप लागलं, मग?"

हुस्नाने तशी घंटा लावून दिली. हॉल बंद आणि हवेची रेघ चढती, असं झालं की तिचा आणि इमारतीची देखभाल करणाऱ्या सिद्धरामचा फोन वाजायचा. कित्येक महिने तो एकदाही वाजला नाही.

२

पहिल्यांदा वाजला तो अशाच एका रविवारी. हुस्ना डबा धुऊन आली होती.

वाचनहॉल बंद होता. कुलूपही तसंच सांगत होतं. मुलं गेल्यावर सिद्धरामने पंखे लावून हॉल मोकळा केला होता, मग दार ओढून कुलूप घातलं होतं. हवेची रेघ बाहेरच्या हवेइतकी खाली उतरली होती, आणि तिथून ती पुन्हा चढत होती. घाई नव्हती तिला. कुणी निवांत जिना चढावा तशी.

सिद्धराम चावी घेऊन गेला. बाकांखाली, कपाटामागे, सगळीकडे बघून त्याने फोन केला.

"दीदी, कोणबी न्हाई. मांजरबी न्हाई."

"नीट बघितलं ना?"

"आता काय बाकं उलटी करू का?"

हुस्ना हसली. मीटर स्वस्तातलं आहे, म्हणाली, आणि विसरून गेली. दार उघडल्याबरोबर रेघ खाली आली होती.

पुढच्या रविवारी फोन पुन्हा वाजला. त्याच्या पुढच्याही.

३

यंत्र खोटं बोललं की हुस्नाला राग यायचा नाही, उत्सुकता वाटायची. ते का खोटं बोलतं हे शोधण्यातच तिचं आयुष्य गेलं होतं. तिने वाचनहॉलचं मीटर काढून वरच्या वर्गात लावलं आणि वरचं खाली आणलं. वरचा वर्ग रविवारी गप्प राहिला. खालचा हॉल चढला. म्हणजे मीटर खरं बोलत होतं. मग तिने जनरेटर बंद ठेवायला लावला, धूर येत असेल म्हणून. ड्रेनेजचं झाकण बघितलं. शेजारच्या मेसच्या भट्टीकडची फट सिद्धरामने सिमेंटने भरली. रेघ चढत राहिली. सोमवार ते शनिवार रात्रभर हॉल बंद असायचा तेव्हा काही नाही. फक्त रविवार दुपार.

शेवटी एका रविवारी घंटा वाजल्यावर ती स्वतःच खाली गेली. सिद्धरामला तिने दाराशी उभं केलं.

बाहेर लख्ख ऊन होतं, रस्त्यावर रसवाल्याचं घुंगरू वाजत होतं. आत गेल्यावर दार तिच्यामागे आपोआप मिटलं आणि तो आवाज तुटला. बाकांच्या रांगा, भिंतीवर गेल्या वर्षीच्या गुणवंतांचे फोटो. सगळं जागच्या जागी. पण हवा जड होती. तास संपल्यावर वर्गात असते तशी, माणसांच्या अंगाची, शिळी, ओलसर. आणि त्यात मातीचा वास होता. पावसाचा नव्हे. जुन्या धाब्याच्या घराचं छत उकरलं की जो कोरडा, नाकात बसणारा वास येतो, तो.

काहीतरी ऐकू येतंय असं तिला वाटलं, म्हणून तिने श्वास रोखला. काही नव्हतं. श्वास सोडला, आणि पुन्हा वाटलं. तिने स्वतःलाच समजावलं की आपल्याच श्वासाचा आवाज काचांवरून परत येतो आहे. बंद खोलीत येतोच.

मग तिचं लक्ष काचेकडे गेलं. रस्त्याकडची काच फरशीपासून छतापर्यंत होती. ती सगळी स्वच्छ होती, फक्त तळाशी, फरशीला लागून, आतल्या बाजूने वाफ धरली होती. हिवाळ्यात बसच्या खिडकीशी तोंड नेलं की धरते तशी. छोटे छोटे धुरकट गोल, थोड्या थोड्या अंतरावर. ती बघत असतानाच त्यातला एक पुसट झाला आणि पुन्हा दाटला.

हुस्ना बाहेर आली. सिद्धरामने तिच्या तोंडाकडे बघितलं आणि काही न विचारता कुलूप लावलं.

४

तिने सरांना सांगायचं ठरवलं, कारण ते भौतिकशास्त्र शिकवायचे आणि प्रश्न त्यांच्याच विषयातला होता. शिवाय तिला कुणाकडून तरी ऐकायचं होतं की हे सगळं साधं आहे.

पुढच्या रविवारी सर नेहमीसारखा कप घेऊन आले. तिने वाचनहॉलची रेघ मोठी करून भिंतीवर लावली. मीटर बदललं, फटी भरल्या, सगळं सांगितलं. वाफेचं सांगितलं नाही.

"चढ बघा सर. आधी उभा आहे. मग इथे वाकतो, थोडा आडवा होतो. मग पुन्हा वाकतो. दर रविवारी असाच."

"चढ कशावर असतो?" सरांनी वर्गातल्या आवाजात विचारलं.

"किती जण श्वास घेतात त्यावर."

"आणि वाकला तर?"

हा हिशेब तिने केलाच नव्हता असं नाही. घरी, अम्मी झोपल्यावर, पोटावर लॅपटॉप ठेवून तिने तो केला होता आणि लॅपटॉप मिटून टाकला होता.

"एक जण कमी झाला," सर म्हणाले.

ते खुर्चीवर बसले. रेघ त्यांच्या डोळ्यांसमोर चढत होती. कूलर थेंब थेंब गळत होता. मग सर कप खाली ठेवून हलकेच म्हणाले, "आता."

रेघ वाकली.

पुन्हा बराच वेळ गेला. पुन्हा ते म्हणाले, "आता." त्यांनी पडद्याकडे बघितलंही नव्हतं, डोळे मिटलेले होते. रेघ वाकली.

हुस्ना त्यांच्याकडे वळली. "सर, तुम्हाला कसं..."

"आमच्या घरात सहा माणसं होती," सर म्हणाले. वर्गातला आवाज गेला होता. "अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून आलो, झोपलो. मग जमीन हलली अन् घर अंगावर आलं. दगडमातीचं घर, हात हात जाड भिंती. मी सतरा वर्षांचा. तोंडात माती, हात दबलेला, पण कान मोकळे. सगळ्यांचे श्वास ऐकू येत होते मला. कोणता कोणाचा ते अंधारात वळखू येत होतं. आधी आजोबांचा थांबला. मग आईचा..." त्यांनी डोळे उघडले. "शेवटी चतुरा. माझी बहीण. नऊ वर्षांची होती. ती इचारत होती, दादा, हायस का? मी हाव म्हणत होतो. पण तोंडात माती, हुस्ना. तिला ऐकू गेलं का न्हाई, मला आजवर माहीत न्हाई."

रेघ आता जवळजवळ आडवी झाली होती. तरी जरा चढत होती. एक बारीकसा चढ, मोठ्या माणसाचा नसावा इतका.

सर उठून पडद्यापाशी गेले आणि त्यांनी खडूने पांढरं झालेलं बोट त्या रेघेच्या टोकाला लावलं. टोक सरकलं की बोट सरकवत ते तिथेच उभे राहिले. ऊन उतरेपर्यंत. मग रेघ सपाट झाली, आणि त्यांनी बोट काढून घेतलं.

जाताना दारात वळून म्हणाले, "ही रेघ बंद करू नको, बेटा."

५

त्यानंतर सर दर रविवारी यायचे. चाचणी झाली की सरळ हुस्नाच्या खोलीत. घंटा वाजली की सिद्धरामला तेच फोन करून सांगायचे, जाऊ नको, मी बघतो. आणि बघत बसायचे. शेवटच्या बारीक चढाच्या वेळी ते पडद्याशी जाऊन काहीतरी पुटपुटायचे. हुस्ना तेवढ्यापुरती बाहेर जायची. दारातून एकदा तिला ऐकू आलं. "हाव," ते म्हणत होते. "हाव. हाव."

आठवडाभर ते त्या दुपारची वाट बघतात हे सगळ्यांच्या लक्षात यायला लागलं, फक्त का ते कुणाला माहीत नव्हतं. त्यांचं जेवण तुटलं. वर्गात फळ्यावर अर्धं समीकरण लिहून ते कान देऊन उभे राहायचे आणि मुलं एकमेकांकडे बघायची. ज्या शिक्षकाच्या नावावर नांदेडपासून, हिमायतनगर-उमरीपासून पोरं लातूरला यायची, तो माणूस तासाला उशिरा यायला लागला.

एक दिवस शिवांगी हुस्नाच्या खोलीत आली. तिने दार लावून घेतलं.

"दीदी, बाबा इथं येऊन काय बघतात?"

हुस्नाने सांगितलं. सगळं. शिवांगी पडद्याकडे पाठ करून ऐकत होती.

"त्यांनी मला त्यांच्या बहिणीचं नावसुद्धा कधी सांगितलं नाही," ती म्हणाली. मग तिने विचारलं, "तुम्ही खरं मानता हे?"

"मी मीटर बदललं, फटी भरल्या. कारण सापडलं नाही. एवढंच मला माहीत आहे."

"कारण नंतर शोधा. आधी ते बंद करा. आमच्या घरात माणूस वाळून चाललाय, दीदी. काल रात्री ते अंगणात फरशीला कान लावून झोपले होते. आईने उठवलं तर म्हणाले, गप, ऐकू दे."

त्या संध्याकाळी हुस्नाने घरी अम्मीला विचारलं, कुणाचं ते न सांगता. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर अम्मीने पाच वर्षांच्या हुस्नाला कुशीत घेऊन कितीतरी रात्री औशाच्या किल्ल्याजवळच्या मैदानात काढल्या होत्या. शेजारणींच्या माहेरची गावंच्या गावं गेलेली तिने पाहिली होती. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "जिसका गम है, उसके पास रहने दे बेटा. तू छीनेगी तो वो ढूँढने जाएगा."

हुस्नाला ते पटलं होतं. पटूनही तिने दुसरंच केलं. शिवांगीचा रडवेला चेहरा तिला दिसत होता, सरांचे खोल गेलेले डोळे दिसत होते, आणि मनातल्या मनात तिला स्वतःलाही ती रेघ नको झाली होती. रविवारची दुपार तिला पूर्वीसारखी हवी होती.

६

काम अगदी सोपं होतं. यंत्रणेला तिने एक नियम घालून दिला: रविवारी वाचनहॉलच्या मीटरकडून काहीही आलं तरी पडद्यावर बाहेरच्या हवेइतकी सरळ रेघ दाखवायची, आणि घंटा वाजवायची नाही. काही ओळींचं काम. चहा पितापिता झालं.

रविवारी सर आले. रेघ सपाट होती. ते वाट बघत राहिले. चढली नाही.

"सर," हुस्ना म्हणाली. तिने वाक्य बसमध्ये येतानाच जुळवून ठेवलं होतं. "दोष सापडला. मीटरमध्ये नव्हता, वायरिंगमध्ये होता. एसीच्या लाइनचा करंट मिसळत होता. रविवारी एसी बंद असला की चुकीचं दाखवायचं. आता दुरुस्त केलं."

सर तिच्याकडे वळले. भौतिकशास्त्राचा माणूस. हे कारण किती लंगडं आहे हे त्यांना कळायला हवं होतं, आणि ते आता एकेक प्रश्न विचारून आपल्याला उघडं पाडतील असं तिला वाटलं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं, असं तिला नंतर पुष्कळदा वाटलं.

"म्हणजे तिथं कोणी न्हाई?" त्यांनी विचारलं.

"नाही, सर."

"आधीबी कोणी नव्हतं?"

"नव्हतं, सर. कुणीच नव्हतं."

त्यांनी मान हलवली. तिच्यावर त्यांचा विश्वास होता. यंत्रांच्या बाबतीत तिने कधी खोटं सांगितलं नव्हतं. चेहऱ्यावर सुटल्यासारखं काही आलं नाही. एखाद्याला त्याच मरणाचा दुसऱ्यांदा निरोप यावा तसे ते बसून होते. चहावर साय धरली.

"बरं," ते म्हणाले आणि उठले.

तो आठवडा चांगला गेला. सर तासाला वेळेवर आले, जेवले. शिवांगीने ऑफिसच्या काचेतून हुस्नाला हात केला. हुस्नाने बसच्या खिडकीला डोकं टेकून, कितीतरी दिवसांनी, काहीच विचार न करता घर गाठलं.

७

पुढच्या रविवारी चाचणी झाली, इमारत रिकामी झाली. हुस्नाच्या भिंतीवर सगळ्या रेघा गुण्यागोविंदाने सरकत होत्या. वाचनहॉल सपाट होता. तिने डबा खाल्ला. पुस्तक वाचलं. दुपार अगदी पूर्वीसारखी होती.

चार वाजायच्या सुमाराला शिवांगीचा फोन आला. बाबा जेवायला आले नाहीत, तिथे आहेत का?

शिवांगी आल्यावर तिघं शोधत खाली गेली, तेव्हा वाचनहॉलचं दार आतून लावलेलं होतं. सरांकडे सगळ्या हॉलच्या चाव्या असायच्या. सिद्धरामने खांदा लावून कडी उचकटली.

सर दोन बाकांच्या मधल्या जागेत, रस्त्याकडच्या काचेजवळ, पालथे निजले होते. एक कान फरशीला टेकलेला. एक हात अंगाखाली, दुसरा पुढे पसरलेला, बोटं जरा मिटलेली, काहीतरी छोटं धरल्यासारखी. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. बराच वेळ होते तसे, लवकर आणलं असतं तर कदाचित. शिवांगी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. त्यांच्या कानाला आणि गालाला माती लागली होती. हॉलची फरशी सकाळीच पुसलेली होती. सिद्धरामने ती स्वतः पुसली होती.

हुस्ना उंबऱ्याच्या आत गेली नाही. दार उघडताच जी हवा बाहेर आली ती तिच्या तोंडावरून गेली. उबदार होती.

८

नियम फक्त पडद्यापुरता आणि घंटेपुरता होता. मीटरने पाठवलेला प्रत्येक आकडा मशीनमध्ये जसाच्या तसा साठत होता. तिनेच यंत्रणा तशी बांधली होती, काही पुसलं जाऊ नये म्हणून. ही गोष्ट हुस्नाला पहिल्या रात्रीपासून ठाऊक होती. सरांची राख मांजरा नदीत सोडली, तेरावा झाला, क्लास पुन्हा सुरू झाला, तरी तिने तो रविवार उघडला नाही. आपल्या खोलीत ती खुर्ची फिरवून, पडद्याकडे पाठ करून बसायची.

दरम्यान शिवांगीने कामगार बोलावले. वाचनहॉलच्या काचा निघाल्या, जाळीच्या मोठ्या खिडक्या बसल्या. पालकांनी एसीचं विचारलं तर ती म्हणायची, नाही ठेवायचा. रविवारी हॉलमध्ये वारा खेळायचा. मीटरची रेघ आता खरोखरच सपाट असायची.

एका सकाळी, क्लास भरायच्या आधी, हुस्नाने तो दिवस काढला.

कुलूप लागल्यावर रेघ चढायला लागली होती, नेहमीपेक्षा उभी. त्यांच्यात सर होते. जिथे नेहमी फोन वाजायचा ती जागा तिने बघितली. चढाच्या अगदी सुरुवातीला होती. तिथे घंटा वाजली असती, तिने वर भिंतीवर बघितलं असतं, सिद्धरामला चावी घेऊन पाठवलं असतं. सर तेव्हा जिवंत होते. नंतरही कितीतरी वेळ जिवंत होते. त्या संबंध दुपारभर, दोन मजल्यांच्या अंतरावर, ती पुस्तक वाचत होती.

ती पुढे सरकली. रेघ वाकली, ठरल्या जागी. पुन्हा वाकली. एकेक श्वास कमी होत गेला, आणि शेवटी दोन उरले. एक मोठ्या माणसाचा आणि एक त्या बारीक चढाचा. नेहमी तो बारीक चढ एकटाच रांगत जायचा आणि संपायचा. त्या दिवशी तो एकटा नव्हता. दोघं मिळून पुष्कळ लांबवर गेली होती. कुठल्याही रविवारपेक्षा लांब. आणि मग एकाच क्षणी, एकाच जागी, दोन्ही थांबली होती. एक आधी, एक नंतर असं नव्हतं. हुस्नाने ती जागा मोठी करून, आणखी मोठी करून बघितली. दोघांच्या मधे काही फट नव्हती.

घंटा वाजली असती तर सर वाचले असते. मग चतुरा पुन्हा एकटीच संपली असती, त्या रविवारी आणि पुढच्याही. हुस्ना हे दोन्ही एकाच वेळी मनात धरायचा प्रयत्न करत होती आणि ते धरता येत नव्हतं.

दार वाजलं नाही, पण शिवांगी आत आली होती. कधीपासून उभी होती कोण जाणे. तिला रेघा वाचता यायच्या नाहीत.

"हा त्या दिवसाचा आहे का?"

"हो."

शिवांगी जवळ आली. "दीदी, मला एकच सांगा. शेवटी ते एकटे होते का?"

हुस्नाने तोंड उघडलं. आपण यंत्रणेला काय नियम घातला होता, घंटा कुठे वाजायला हवी होती, हे आधी सांगावं लागेल, हे तिला कळत होतं. ते ऐकल्यावर ही मुलगी पुन्हा कधी आपल्याला दीदी म्हणणार नाही, हेही कळत होतं.

"बस," ती म्हणाली आणि शेजारची खुर्ची पुढे ओढली. "सुरुवातीपासून सांगते."

खाली मुलं यायला लागली होती. जिन्यात चपलांचा आवाज चढत होता.